आनंदवनाचे बाबा



जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. फ्रान्समधील राऊल फॉलेरो यांनी १९५४ साली ही प्रथा सुरू केली. आपल्या देशात महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, म्हणजे ३० जानेवारीला, हा दिवस पाळतात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, बाबा आमटे यांची पुण्यतिथी येते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा फार दूर नाही आणि वरोऱ्याजवळच बाबांचे आनंदवन आहे. शेजारच्या या थोर माणसाचे, आणि विशेषतः त्यांच्यातील पित्याचे, आज आपण स्मरण करू या.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जमीनदार कुटुंबात झाला. 'बाबा' हे त्यांचे घरातले लाडाचे नाव. लहानपण ऐश्वर्यात गेले. शिकारीसाठी बंदूक होती, फिरायला मोटार होती, सिनेमाचे वेड होते. कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले. परंतु गरिबांचे कष्ट पाहून त्यांचे मन त्या जीवनात रमेना. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भाग घेतला व तुरुंगवासही भोगला. एकदा रेल्वेत गोरे सैनिक एका तरुणीला त्रास देत असताना बाबा एकटे त्यांना भिडले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हणून गौरवले.

१८ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा विवाह नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी झाला. याच पुढे साधनाताई म्हणून सर्वांना परिचित झाल्या. एका लग्नघरी सारे समारंभात गुंतलेले असताना ही मुलगी गुपचूप म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुऊ लागत होती. ते पाहूनच बाबांनी तिला मागणी घालायचे ठरवले, असे सांगतात. १९४७ मध्ये विकास आणि १९४८ मध्ये प्रकाश अशी दोन मुले त्यांना झाली.

त्या काळात बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे जिणे काय असते हे कळावे म्हणून ते स्वतः मैला डोक्यावरून वाहून नेत. अशाच एका पावसाळी दिवशी त्यांना गटाराच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे दिसले. जवळ गेल्यावर कळले की तो जिवंत माणूस आहे. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती, जखमांत किडे पडले होते. गोऱ्या सैनिकांना न भ्यालेले बाबा त्या क्षणी भ्याले आणि घराकडे पळाले.

मात्र मन त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, पावसापासून आडोसा उभा केला, तुळशीरामला खाऊ घातले, त्याच्या जखमा धुतल्या. काही दिवसांतच त्याने प्राण सोडला. पुढे कित्येक महिने बाबांना एकच प्रश्न छळत राहिला. जिथे भीती आहे तिथे प्रेम कसे राहील? ज्या रोगाला आपण भ्यालो, त्याच रोग्यांसाठी आयुष्य द्यायचे असे अखेर त्यांनी ठरवले. साधनाताईंनी त्यांना साथ दिली.

हा निर्णय किती अवघड होता याचा आपण आईबाप म्हणून विचार करून पाहू या. घरात दोन तान्ही मुले. कुष्ठरोगाचे नुसते नाव निघाले तरी लोक दूर पळत. डॅप्सोनसारखे औषध नुकतेच मिळू लागले होते, पण भीती मात्र जुनीच होती. बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरील उपचार शिकले. तिथे एका प्रयोगासाठी त्यांनी या रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. सुदैवाने त्यांना रोग जडला नाही.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर बाबा राहायला गेले. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. सापविंचवांची वस्ती आणि पाण्याचा पत्ता नाही. झडलेल्या बोटांच्या हातांनी त्यांनी विहीर खणली, जमीन पिकवली. शेतात भाजीपाला आला तरी रोग्यांच्या हातची भाजी घ्यायला लोक सुरुवातीला धजेनात. पुढे परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहिले, तिथलेच अन्न जेवले आणि हळूहळू गावाची भीतीही ओसरली.

बाबांनी कुणाला भिकेची सवय लावली नाही. रोग्याला दान नको, काम हवे, असे ते मानत. शेती, विणकाम, सुतारकाम शिकून माणसे स्वतःच्या पायावर उभी राहिली. अंध व मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. ज्यांना समाजाने गावाबाहेर घालवले होते, त्यांच्या जमिनीवर १९६४ मध्ये महाविद्यालय सुरू झाले आणि गावची मुले तिथे शिकायला येऊ लागली.

विकास आणि प्रकाश रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढले. दोघेही डॉक्टर झाले. एकदा बाबांनी मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला नेले आणि तिथल्या माडिया गोंड आदिवासींसाठी काही करावे अशी इच्छा बोलून दाखवली. प्रकाश यांनी ती मनावर घेतली आणि १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. विकास यांनी आनंदवनाची जबाबदारी उचलली. आपण मुलांना उपदेश पुष्कळ करतो. मुले मात्र आपल्या शब्दांपेक्षा आपले वागणे अधिक बारकाईने पाहतात.

पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. तरीही १९८५ मध्ये गाडीत झोपून त्यांनी तरुणांसह कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा काढली. १९९० मध्ये ते नर्मदाकाठच्या विस्थापितांसाठी कसरावदला जाऊन राहिले. मॅगसेसे, टेम्पल्टन, गांधी शांतता पुरस्कार असे अनेक सन्मान त्यांना मिळाले. आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा पुरस्कार म्हणजे १९८३ चा डेमियन-डटन पुरस्कार. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता स्वतः कुष्ठरोगी होऊन १८८९ मध्ये मरण पावलेल्या फादर डेमियन यांचे नाव त्याला आहे. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डेमियन यांना संत म्हणून घोषित केले.

२००७ मध्ये बाबांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी, आनंदवनात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन न करता आनंदवनाच्या मातीतच दफन करण्यात आले.

बंधुभगिनींनो, कुष्ठरोग आज सहा ते बारा महिन्यांच्या औषधाने पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध मोफत मिळते. तरीही आपल्या देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. कातडीवर फिकट वा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर तो लपवू नये, लगेच तपासून घ्यावा. कर्करोग तर संसर्गाने पसरतही नाही. तरीसुद्धा कुणाच्या घरी तो आला की आपण काय बोलावे या संकोचाने तिकडे जायचे टाळतो.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला आधी स्पर्श केला आणि मग बरे केले, हे संत मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एखाद्या आजारी माणसाच्या घरी आपण जाऊ या आणि जाताना मुलांनाही बरोबर नेऊ या. तिथे फार बोलण्याची गरज नाही. घटकाभर जवळ बसून हात हातात घेतला तरी पुरे.