इव्हान पाव्हलॉव्ह

चिंचेचे नाव काढले की तोंडाला पाणी सुटते. चिंच समोर नसते, जिभेवर तर नसतेच. तरीही लाळ सुटते. हा अनुभव तुम्हां सर्वांना आहे. परंतु ज्याने चिंच कधी चाखलीच नाही, त्याच्या तोंडाला त्या नावाने पाणी सुटणार नाही. म्हणजे ही गोष्ट शरीराने शिकलेली असते. शरीर असे कसे शिकते, याचा शोध घेण्यात एका रशियन शास्त्रज्ञाने आयुष्याची तीसहून अधिक वर्षे घालवली. त्यांचे नाव इव्हान पेत्रोविच पाव्हलॉव्ह.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातील रियाझान या शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घरची स्थिती बेताचीच. पण वडिलांना पुस्तकांचा आणि बागेचा नाद होता. लहानपणी इव्हान उंचावरून दगडी फरशीवर पडला आणि बरेच दिवस आजारी राहिला. त्यामुळे तो शाळेत गेला तो अकराव्या वर्षी. पुढे वडिलांप्रमाणे धर्मगुरू व्हावे म्हणून त्याला धर्मशाळेत घातले. तेथे असताना सेचेनॉव्ह या शास्त्रज्ञाचे मेंदूवरील पुस्तक त्याच्या हाती पडले. हे पुस्तक १८६३ साली निघाले होते. माणसाच्या वागण्याचा उलगडा मेंदू आणि मज्जातंतू यांच्या कार्यावरून करता येईल, हा विचार त्या तरुणाच्या मनात घर करून बसला. १८७० साली तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाला.

पुढची वीस वर्षे ओढाताणीची गेली. १८८१ साली विवाह झाला, पण संसाराला पैसा पुरेना. पहिले मूल लहानपणीच दगावले. सांगतात की, एकदा विद्यार्थ्यांनी व्याख्यानांच्या निमित्ताने वर्गणी काढून त्यांना पैसे दिले. त्यांनी त्या पैशांतून प्रयोगांसाठी जनावरे विकत आणली! घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना केलेलीच बरी.

१८९१ पासून पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. अन्न कसे पचते, याचा अभ्यास त्यांनी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून केला. या कार्याबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले रशियन होत.

पण आज जग त्यांना ओळखते ते वेगळ्याच कामासाठी. कुत्र्याच्या गालाला बारीक छिद्र पाडून लाळ बाहेरच्या नळीत घ्यायची व थेंब मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. अन्न तोंडात पडल्यावर लाळ येणार हे उघड आहे. परंतु अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ येऊ लागे. दुसऱ्या कोणी याकडे अडचण म्हणून पाहिले असते. पाव्हलॉव्ह यांनी याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. ठोके देणारे यंत्र वाजवायचे आणि लगेच अन्न द्यायचे, असे अनेक वेळा केले. मग नुसते ठोके ऐकूनही लाळ येऊ लागली. या क्रियेला मराठीत अभिसंधित प्रतिक्षेप म्हणतात. पाव्हलॉव्ह यांच्या घंटेची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांनी ठोके, दिवे, चित्रे अशा कितीतरी गोष्टी वापरल्या. अन्न न देता नुसतेच ठोके देत राहिले, तर शिकलेली क्रिया हळूहळू विझते, हेही त्यांना दिसले.

एक प्रयोग मात्र वाचवत नाही. कुत्र्याला वर्तुळ दाखवले की अन्न मिळे, लंबवर्तुळ दाखवले की मिळत नसे. कुत्रा फरक शिकला. मग लंबवर्तुळ थोडे थोडे गोल करत नेले. दोन्ही आकृत्या जवळजवळ सारख्या झाल्या तेव्हा तो शांत कुत्रा ओरडू लागला, साधने चावू लागला आणि पूर्वी येत असलेला सोपा फरकही विसरला. धाकाने गोंधळलेला विद्यार्थी पाठ असलेले उत्तर विसरतो, तेव्हा मला हा कुत्रा आठवतो.

अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी १९१३ साली वर्तनवादाची घोषणा केली. मन दिसत नाही, वर्तन दिसते. म्हणून मानसशास्त्राने वर्तनाचाच अभ्यास करावा, असे त्यांचे मत होते. पाव्हलॉव्ह यांचे प्रयोग त्यांना आयते हत्यार मिळाले. १९२० साली त्यांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. पांढरा उंदीर समोर आणून मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. काही दिवसांत ते मूल नुसत्या उंदरालाही घाबरू लागले. ती भीती काढून टाकण्याचे काम झालेच नाही. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे. पुढे स्किनर यांनी बक्षिसाने वर्तन कसे घडते ते उंदीर-कबुतरांवर दाखवले. बी.एड.च्या वर्गात आम्हां शिक्षकांना हे सारे शिकवतात.

पण माणूस एवढाच आहे काय? रमजानमध्ये मगरिबची वेळ जवळ आली की दस्तरखानावरचा खजूर पाहून रोजेदार मुलाच्या तोंडाला पाणी सुटते. येथपर्यंत पाव्हलॉव्ह यांचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. परंतु अजान होईपर्यंत तो मुलगा हात पुढे करत नाही. एकटा असला तरी करत नाही. लाळेचे थेंब मोजता येतात, नियत कशाने मोजायची? वर्तनवादी म्हणतील, हीदेखील घरच्यांच्या शाबासकीने लागलेली सवय आहे. त्यांचे विरोधक म्हणतील, हेतू वगळून माणसाचे वागणे सांगताच येत नाही. १९५९ साली चॉम्स्की यांनी भाषेचे उदाहरण घेतले. मूल कधी न ऐकलेली वाक्ये बोलते, ती केवळ सवयीतून येत नाहीत, असे त्यांनी दाखवले. तेव्हापासून वर्तनवादाचा जोर ओसरला. मला हीच बाजू अधिक पटते. पण मनात बसलेली भीती घालवण्यासाठी डॉक्टर आजही वर्तनवाद्यांच्या पद्धती वापरतात, हे विसरता येत नाही.

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियात उपासमार झाली. पाव्हलॉव्ह यांनी संस्थेच्या आवारात भाजीपाला लावला. १९२१ साली लेनिनच्या सरकारने त्यांना जादा शिधा देऊ केला. सहकाऱ्यांना मिळत नसेल तर मलाही नको, असे त्यांनी कळवले. १९२४ साली धर्मगुरूंच्या मुलांना वैद्यकीय अकादमीतून काढून टाकण्यात आले. मीही धर्मगुरूचाच मुलगा आहे, असे सांगून त्यांनी तेथील प्राध्यापकपद सोडले. ते स्वतः धार्मिक राहिले नव्हते, तरीही!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहरात महापूर आला. पिंजऱ्यांतील कुत्र्यांना पोहत न्यावे लागले. त्यांतला एक कुत्रा नंतर शिकलेले सारे विसरला. बऱ्याच दिवसांनी त्याला ते पुन्हा आले. मग खोलीत दाराखालून थोडे पाणी सोडताच तो पुन्हा घाबरून सारे विसरला.

२७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्युमोनियाने पाव्हलॉव्ह यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते काम करत होते. मृत्यूच्या आदल्या वर्षी त्यांच्याच सूचनेवरून संस्थेच्या आवारात एक स्मारक उभारण्यात आले. ते कोणा शास्त्रज्ञाचे नाही, कुत्र्याचे आहे.