विश्लेषण : बार्शी लाइट ते ‘लॉयल्टी’ जहाज... युरोपच्या कार्बन शुल्काच्या काळात वालचंद हिराचंद का आठवतात?

सोलापूरच्या एका व्यापारी घरातल्या तरुणाने बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात केली आणि पुढे जहाज, साखर, विमान, मोटार अशा प्रत्येक धंद्यात एकच लढाई लढली. स्वस्त परदेशी मालापुढे देशी उद्योग टिकवायचा कसा? आज हाच प्रश्न युरोप स्वतःला विचारत आहे आणि त्याच्या उत्तराचा फटका भारतीय कारखान्यांना बसू शकतो.

– डिजिटल डेस्क, धाराशिव

हा विषय आता कशासाठी?

युरोपीय महासंघाने १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरील कार्बन शुल्क प्रत्यक्ष लागू केले आहे. ‘सीबॅम’ या नावाने ते ओळखले जाते. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या वस्तू बाहेरून युरोपात येताना, त्या बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशोब द्यावा लागतो आणि त्यानुसार आयातदाराला पैसे मोजावे लागतात. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात फक्त माहिती द्यावी लागत होती. आता पैशांचा भाग सुरू झाला आहे.

युरोप याला हवामान धोरण म्हणतो, तर भारतासह अनेक देश याला व्यापारातला अडथळा मानतात. एकच उपाय एकाला संरक्षण वाटतो आणि दुसऱ्याला अडवणूक, असे का होते? हे समजून घ्यायला वालचंद हिराचंद यांचे आयुष्य उपयोगी पडते.

वालचंद कोण होते? धाराशिवशी संबंध काय?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, गुजराती जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. मुंबई आणि पुण्यात काही काळ कॉलेज केल्यावर शिक्षण सोडून ते घरच्या धंद्यात आले, पण पेढीवर मन रमले नाही.

रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल आणि धाडस. ‘फाटक-वालचंद’ या जोडीचे सुरुवातीचे काम बार्शी लाइट रेल्वेचे. अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली आणि पुढे येडशी, तडवळे मार्गे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती, तर येडशी, तडवळे, लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे आपल्या भागातला कापूस आणि गळिताची धान्ये दोन राज्यांची हद्द ओलांडून मुंबईच्या बाजारात नेणारी ही वाट होती. गेज बदलल्यावर हा मार्ग धाराशिव शहरातून जाऊ लागला. छोट्या गाडीच्या काळात मात्र जिल्ह्याचे ठिकाण बाजूलाच राहिले होते.

रेल्वेच्या कंत्राटांतून वालचंद यांचे नाव झाले. पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

‘लॉयल्टी’ जहाजाची गोष्ट काय?

पहिले महायुद्ध संपले तेव्हा भारताचा माल परदेशी जहाजांतून जात होता. फक्त विलायतेला जाणाराच नव्हे, मुंबईहून रंगून किंवा कोलकात्याला जाणारा मालही बहुतांश इंग्रज कंपन्यांच्या हातात होता. भाडे किती आणि जागा कोणाला, हे त्या ठरवत.

ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे युद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकाऊ होते. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने ते घेतले आणि १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

धंदा म्हणून हे जहाज फसले. प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले जुने जहाज, चालवण्याचा खर्च मोठा. १९२३ मध्ये ते भंगारात गेले. कंपनी मात्र तगली, कारण तोवर तिने मालवाहू जहाजे घेतली होती.

इंग्रज कंपन्यांनी काय केले?

दोन हत्यारे वापरली. पहिले, भाडे पाडणे. ज्या मार्गावर सिंधियाचे जहाज, त्या मार्गावर परवडणार नाही इतके कमी भाडे लावायचे आणि तोटा दुसऱ्या मार्गांवरून भरून काढायचा. दुसरे हत्यार जास्त चतुर होते. व्यापाऱ्याने ठरावीक काळ फक्त आपल्याच जहाजातून माल पाठवला, तर भाड्यातला काही भाग नंतर परत द्यायचा. मध्ये एकदा जरी सिंधियाच्या जहाजातून माल गेला, तरी जमा झालेली सूट बुडाली. त्यामुळे देशी कंपनीबद्दल आपुलकी असलेला व्यापारीही तिच्याकडे जायला कचरत असे.

अखेर १९२३ मध्ये सिंधियाला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा आली आणि काम किनारी मालवाहतुकीपुरते राहिले. वालचंद यांना हा करार बोचत होता, पण तो केला नसता तर कंपनी बुडाली असती. १९२८ मध्ये किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक सारभाई हाजी यांनी कायदेमंडळात मांडले. इंग्रज कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ते कायद्यात उतरले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर सिंधियाचे अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले.

संरक्षण मिळाले की काय होते?

याचे उत्तर साखरेत दिसते. जावाच्या स्वस्त साखरेने भारतीय बाजार भरला होता. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि आयात साखरेवर जबर जकात बसली. तोवर देशात सुमारे ३० साखर कारखाने होते. १९३५-३६ पर्यंत ही संख्या १३० च्या पुढे गेली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे वालचंद यांचे कारखाने याच काळातले. जहाजांना जे मिळाले नाही, ते साखरेला मिळाले आणि फरक चार-पाच वर्षांत दिसला.

याची दुसरी बाजूही होती. संरक्षणाचा खर्च कोणाला तरी द्यावाच लागतो. इथे तो साखर विकत घेणाऱ्या ग्राहकाने दिला.

विमान, जहाजबांधणी, मोटार : धडा कोणता?

दुसरे महायुद्ध सुरू होताच वालचंद यांनी तीन मोठ्या योजना पुढे रेटल्या. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजची ‘एचएएल’ ती हीच. विशाखापट्टणम इथे जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली.

वाट सोपी नव्हती. मोटार कारखान्यासाठी त्यांना सरकारची साथ हवी होती, ती युद्धकाळात मिळाली नाही. विमान कारखान्यातला त्यांचा वाटा सरकारने १९४२ मध्ये विकत घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि काम विस्कळीत झाले. तिथे बांधलेले पहिले मोठे जहाज ‘जल उषा’ मार्च १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. कारखाना चालवणे खासगी कंपनीला झेपेना, म्हणून १९५२ मध्ये सरकारने तो हाती घेतला. दरम्यान आजारपणामुळे वालचंद कामातून बाजूला झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

संकटात जहाज, विमान, यंत्रे दुसऱ्या देशाकडून मिळतीलच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज याला व्यापार सुरक्षा म्हणतात. पण अशा उद्योगांना भांडवल, खात्रीची मागणी आणि वेळ या तिन्ही गोष्टी लागतात. नुसती जकात पुरत नाही.

मग युरोप आज वालचंद यांचेच म्हणणे मांडत आहे का?

बऱ्याच अंशी हो. युरोपात २००५ पासून कारखान्यांना कार्बनसाठी पैसे मोजावे लागतात. तिथल्या उद्योगांची तक्रार अशी की आम्ही हा खर्च करायचा आणि बाहेरून येणारा माल मात्र त्यातून मोकळा, हा अन्याय आहे. अशाने कारखाने युरोपाबाहेर जातील, रोजगार जाईल आणि हवेतला कार्बन तेवढाच राहील. सप्टेंबर २०२४ मध्ये मारिओ द्रागी यांच्या अहवालाने स्पर्धेत मागे पडण्याचा इशारा दिला आणि वर्षाला ७५० ते ८०० अब्ज युरोच्या जादा गुंतवणुकीची गरज सांगितली.

सीमेवरील कार्बन शुल्क हे या कोड्यावरचे उत्तर आहे. युरोपातील कारखान्यांना मिळणारे मोफत परवाने २०२६ ते २०३४ दरम्यान हळूहळू बंद होतील आणि तेवढ्याच वेगाने आयातीवरचे शुल्क वाढेल. २०२६ मध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के, २०३० मध्ये ४८.५ टक्के आणि २०३४ मध्ये १०० टक्के. म्हणजे आज बसणारा चटका लहान आहे, खरा भार पुढे आहे. जहाजांनाही सूट नाही : युरोपात ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांना २०२४ च्या उत्सर्जनापासून टप्प्याटप्प्याने कार्बनचे पैसे द्यावे लागत आहेत.

एक फरक मात्र मोठा आहे. वालचंद सत्ता नसलेल्या देशासाठी संरक्षण मागत होते. युरोप श्रीमंत आहे आणि गेल्या दोन शतकांत हवेत साचलेल्या कार्बनमध्ये त्याचा वाटा मोठा आहे. म्हणूनच दोघांना एकच नियम कसा, हा भारताचा आक्षेप आहे.

वालचंद यांच्या हिशोबात काय नव्हते?

पाणी आणि धूर. त्या काळात हे कोणाच्याच हिशोबात नव्हते. कोळशावर जहाजे आणि बॉयलर चालले, साखरेच्या जकातीने उसाला बळ दिले. ऊस नीरेच्या पाण्यावर फुलला, पण तेच पीक पुढे अवर्षणग्रस्त पट्ट्यातही पसरले. विहिरी आटल्या की टँकर आणि उसाच्या फडाला मात्र पाणी, हे चित्र धाराशिवकरांना सांगायला नको. संरक्षण देताना कोणत्या गोष्टीची किंमत लावायची राहून गेली, हे अनेकदा पन्नास वर्षांनी कळते.

आपल्या जिल्ह्याला याचे काय?

साखर आणि शेतमाल सध्या या शुल्काच्या यादीत नाहीत, त्यामुळे ऊस उत्पादकाला थेट फटका नाही. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारालाही सूट आहे. पण पोलादाचे सुटे भाग बनवून युरोपला पाठवणाऱ्या कारखान्यांना, मग ते पुण्यात असोत की कोल्हापुरात, विजेचा आणि इंधनाचा हिशोब ठेवावा लागणार आहे. हिशोब नसेल तर ठोकताळ्याने ठरवलेला, सहसा जास्तीचा आकडा लागू होतो. या कारखान्यांत आपल्या जिल्ह्यातली मुले मोठ्या संख्येने नोकरीला आहेत.

भारतात कार्बनची किंमत दिली असेल, तर ती युरोपात वजा करून मिळते. म्हणून २०२३ मध्ये अधिसूचित झालेली भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना महत्त्वाची ठरते. तो पैसा युरोपच्या तिजोरीत जाण्यापेक्षा इथे राहिला, तर पवनचक्क्या आणि सौर ऊर्जेसाठी वापरता येईल. धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या आधीच फिरत आहेत.

किनारा आपला आणि भाडे ठरवणार दुसरा, ही वालचंद यांची अडचण होती. आता कारखाना आपला आणि त्याच्या धुराचे मोजमाप दुसऱ्याच्या हाती, अशी वेळ येऊ द्यायची नसेल, तर मोजायला आपण स्वतः शिकावे लागेल.