शेख महंमद (श्रीगोंदेकर)

शेख महंमद हे सोळाव्या-सतराव्या शतकांतील मराठी संतकवी होते. जन्माने मुसलमान, दीक्षेने सूफी आणि वाणीने वारकरी परंपरेशी जवळचे असलेले शेख महंमद महाराष्ट्रातील हिंदू-मुस्लिम सहजीवनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे येथे त्यांचे वास्तव्य होते. या गावाचे जुने नाव चांभारगोंदे असे होते.

== जीवन ==
परंपरेनुसार त्यांचे मूळ गाव बीड जिल्ह्यातील वाहिरे होय. त्यांच्या वडिलांचे नाव राजमहंमद व आईचे नाव फुलाई असे सांगितले जाते. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी सूफी परंपरेतील सत्पुरुष होते व त्यांची समाधी दौलताबाद येथे आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधले यांचेच शिष्य असल्याची परंपरा आहे. त्यामुळे जनार्दनस्वामी व शेख महंमद यांना गुरुबंधू मानले जाते.

== भोसले घराणे, सुपे व इंदापूर ==
छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले हे शेख महंमद यांना गुरुस्थानी मानत. त्यांनी शेख महंमद यांना श्रीगोंदे येथे आणून मठ बांधून दिला व इनाम दिले, असे परंपरा सांगते. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरील श्रद्धेतून आपल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवल्याचेही प्रसिद्ध आहे.

पुणे व सुपे हे परगणे निजामशाहीकडून मालोजीराजांना मिळाल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे. मालोजीराजांना इंदापूरच्या लढाईत मृत्यू आला. त्या लढाईच्या वर्षाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीतही सुपे व इंदापूर यांचा समावेश होता. श्रीगोंद्याचा हा मठ अशा रीतीने भीमाकाठच्या एका लढवय्या घराण्याच्या आश्रयाने उभा राहिला.

== साहित्य ==
''योगसंग्राम'' हा त्यांचा प्रमुख ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ (इ.स. १६४५) मध्ये पूर्ण झाला. तो अठरा प्रसंगांत विभागलेला असून साधकाचे अहंकार व इंद्रियविकारांशी होणारे युद्ध त्यात रूपकाने वर्णिले आहे. ''पवनविजय'' व ''निष्कलंक प्रबोध'' हे ग्रंथ तसेच अभंग व हिंदुस्तानी रचनाही त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या साहित्याच्या संपादनात वा. सी. बेंद्रे यांचा, तर अभ्यासात रा. चिं. ढेरे यांचा वाटा महत्त्वाचा आहे.

== विचार ==
आपण जन्माने मुसलमान असूनही अंतःकरणात गोविंद वसतो, हे त्यांनी काव्यात उघडपणे मांडले. फणसाच्या काटेरी सालीआड गोडवा असतो, त्याप्रमाणे जातीधर्माच्या बाह्य खुणांवरून माणसाची पारख करू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. अल्ला व हरी ही एकाच तत्त्वाची नावे आहेत, अशी त्यांची धारणा होती. मात्र ही एकता त्यांनी दोन्ही समाजांची स्तुती करून साधली नाही. ढोंगी गुरू, पोकळ कर्मकांड, जातीचा अभिमान व दैवतांच्या नावाने होणारी पशुहत्या यांवर त्यांनी कठोर टीका केली. ही टीका करताना त्यांनी आपला आणि परका असा भेद केला नाही. त्यामुळे मराठी भक्तिसाहित्यातील समाजप्रबोधनाच्या परंपरेत त्यांना वेगळे स्थान आहे.

== प्रभाव व स्मृती ==
समर्थ रामदासांनी शेख महंमद यांचा गौरव करणारी रचना केली. महिपतींनी आपल्या संतचरित्रांत त्यांना स्थान दिले. भाविकांत ते कबीराचा अवतार म्हणून ओळखले जातात. हुसेन अंबरखान, शहा मुंतोजी व शहामुनी यांच्यासह मराठीतील मुसलमान संतकवींच्या परंपरेत त्यांची गणना होते.

श्रीगोंदे येथील त्यांचे स्थान काहींच्या दृष्टीने समाधी, तर काहींच्या दृष्टीने दर्गा आहे आणि दोन्ही समाजांतील भाविक तेथे दर्शनास येतात. अलीकडच्या काळात या स्थानाची व्यवस्था व स्वरूप यांवरून वादही झाले आहेत. बाह्य खुणांवरून माणसांची विभागणी नाकारणाऱ्या संताच्या स्मृतिस्थळाविषयी असा वाद व्हावा, यामुळे त्यांच्या विचारांच्या अभ्यासाला आजही महत्त्व आहे.