राजनिष्ठेची किंमत मोजणारे सेनानी माँट्रोज

स्कॉटलंडच्या इतिहासातील कुशल सेनानी, माँट्रोजचे पहिले मार्क्विस जेम्स ग्रॅहम यांचा जन्म १६१२ मध्ये झाला. १६२६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर सरदारकी त्यांच्याकडे आली. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले.

राजे चार्ल्स पहिले यांनी १६३७ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चवर नवी प्रार्थनापद्धती लादली. तिच्या विरोधात १६३८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय करारनाम्यावर माँट्रोज यांनी स्वाक्षरी केली आणि १६४० मध्ये राजाच्या सैन्याविरुद्ध ते लढलेही. मात्र करारवाद्यांचे नेते आर्गाइल यांच्या हाती सत्ता एकवटू लागताच ते अस्वस्थ झाले. चर्चचे स्वातंत्र्य त्यांना हवे होते, राजसत्तेचा विनाश नव्हे. या मतभेदांमुळे १६४१ मध्ये त्यांना एडिंबरा किल्ल्यात कैद भोगावी लागली.

१६४४ मध्ये राजाने त्यांची स्कॉटलंडमधील सेनापतिपदी नियुक्ती केली. अवघ्या दोन साथीदारांसह वेशांतर करून ते मायदेशी परतले. अलास्डेर मॅक्कोला यांचे आयरिश सैनिक आणि डोंगराळ हायलँड भागातील लढवय्ये यांच्या बळावर त्यांनी वर्षभरात टिपरमूर ते किलसिथ अशा सहा लढाया जिंकल्या. फेब्रुवारी १६४५ मध्ये बर्फाच्छादित डोंगर ओलांडून त्यांनी इन्व्हरलॉकी येथे आर्गाइल यांच्या सैन्याचा धुव्वा उडवला. ॲबर्डीनच्या विजयानंतर सैनिकांनी केलेली लूट आणि नागरिकांची कत्तल हा मात्र त्यांच्या कीर्तीवरील कायमचा डाग ठरला.

किलसिथनंतर बहुतांश हायलँडर घरी परतले. १३ सप्टेंबर १६४५ रोजी फिलिपहॉ येथे डेव्हिड लेस्ली यांनी माँट्रोज यांचा पराभव केला. १६४६ मध्ये राजाच्याच आदेशाने शस्त्र खाली ठेवून त्यांनी देश सोडला.

१६४९ मध्ये चार्ल्स पहिले यांचा शिरच्छेद झाला. त्यांचे पुत्र चार्ल्स दुसरे यांच्यासाठी माँट्रोज १६५० मध्ये पुन्हा स्कॉटलंडमध्ये उतरले. चार्ल्स यांची करारवाद्यांशी तडजोडीची बोलणी त्याच वेळी सुरू होती. २७ एप्रिल रोजी कार्बिस्डेल येथे माँट्रोज यांचे सैन्य पराभूत झाले. काही दिवसांतच ते पकडले गेले. ज्यांच्यासाठी ते लढले, त्या चार्ल्स यांनी त्यांची जबाबदारी नाकारली. २१ मे १६५० रोजी एडिंबरा येथे त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे शिर टोलबूथ कारागृहावर टांगण्यात आले.

राजसत्ता पुनःस्थापित झाल्यानंतर, मे १६६१ मध्ये सेंट जाइल्स चर्चमध्ये त्यांच्या अवशेषांचे सन्मानपूर्वक दफन करण्यात आले. त्याच महिन्यात आर्गाइल यांना देहदंड झाला आणि टोलबूथवरील त्याच जागी त्यांचे शिर लावण्यात आले.