साथ, उपासमार आणि हिजरत: इब्ने खल्दून यांनी शोधलेली कारणं

इतिहासाची जुनी पुस्तकं उघडली की बादशहांची नावं भेटतात. कोण गादीवर बसला, कोणी कोणाला हरवलं. सहाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या इब्ने खल्दून यांनी मात्र रयतेकडे पाहिलं. माणसं आजारी का पडतात, उपाशी का मरतात, गाव सोडून का जातात, याची कारणं त्यांनी शोधली. आपल्याकडे त्यांचं नाव आदराने घेतात, पण त्यांचं आयुष्य फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज आपण ते पाहू या.

त्यांचा जन्म १ रमजान ७३२ हिजरी, म्हणजे २७ मे १३३२ रोजी ट्यूनिस शहरात झाला. घराणं मूळचं यमनमधल्या हजरमौतचं. तिथून ते अंदलुसमध्ये गेलं आणि इश्बिलिया, म्हणजे आजच्या सेविल शहरात पिढ्यानपिढ्या राहिलं. १२४८ मध्ये ते शहर कॅस्टिलच्या राजाच्या हाती गेलं. त्याआधीच हे कुटुंब समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आलं होतं. त्यामुळे हिजरत ही या घराला ऐकीव गोष्ट नव्हती. वडील दरबारापासून दूर राहून इल्मात रमलेले. मुलाने लहानपणीच कुरआन हिफ्ज केलं, हदीस आणि फिकह शिकला.

१३४८ मध्ये प्लेगची साथ ट्यूनिसला पोहोचली. इब्ने खल्दून तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. या साथीत त्यांचे आई-वडील गेले. ज्यांच्यापुढे बसून शिकले, त्यांतले अनेक उस्तादही गेले. पुढे त्यांनी लिहिलं तेव्हा या साथीने सगळी दुनियाच बदलून टाकली, अशी नोंद त्यांनी केली.

पोटापाण्यासाठी त्यांनी दरबाराची वाट धरली. ट्यूनिस, फास, गरनाता, बिजाया अशी अनेक ठिकाणी नोकरी केली. फासमध्ये कटाच्या संशयावरून सुमारे २१ महिने तुरुंगात काढले. गरनाताच्या सुलतानाचे वकील म्हणून ते इश्बिलियाला गेले, तेव्हा तिथल्या राजाने त्यांना घराण्याची जुनी मालमत्ता परत देऊ केली. त्यांनी ती नाकारली. बिजायात ते हाजिब, म्हणजे जवळजवळ वजीरच होते. तिथे डोंगरातल्या कबिल्यांकडून जोरजबरदस्तीने कर वसूल करायचं कामही त्यांनी केलं. जुलूम कसा होतो हे त्यांनी वसूल करणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं होतं, हे आपण विसरता कामा नये.

१३७५ मध्ये या सगळ्याला कंटाळून ते आजच्या अल्जीरियातल्या कलअत इब्ने सलामा या किल्ल्यात जाऊन राहिले. तिथे १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी मुकद्दमा लिहून काढला.

या ग्रंथात आजार आणि समाजाची घडी यांचा संबंध त्यांनी पायरीपायरीने दाखवला. सत्ता नवी असते तेव्हा कर थोडे असतात, लोक उत्साहाने कसतात. मग दरबाराची चैन वाढते, तसा कर वाढतो, बेगार सुरू होते. राबून हातात काहीच उरणार नसेल तर शेतकरी राबेल कशाला? जमिनी पडीक पडतात, धान्याचा साठा होत नाही. मग एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो आणि उपासमार येते. मागोमाग साथ येते. जे वाचतात ते दुसरीकडे निघून जातात. म्हणजे पाऊस माणसाच्या हातात नसला, तरी कोठार रिकामं राहण्यामागे जुलूम असतो, हे त्यांनी स्पष्टपणे मांडलं.

शहरांबद्दलही त्यांनी बारकाईने लिहिलं. दाटीवाटीच्या वस्तीत हवा कोंडते, खराब होते आणि रोग पसरतो, असं त्यांचं मत. म्हणून घरांच्या मधे मोकळी जागा हवी, शहर वसवताना पाणी आणि हवा आधी बघायला हवी. बदूंचं जेवण साधं, त्यात दिवसभर चालणं-फिरणं. शहरी श्रीमंतांचं जेवण भारी आणि हालचाल कमी, म्हणून वैद्याची गरज शहरात जास्त. काबिस शहरात ताप फार असायचा. तिथल्या तापाबद्दल जादूच्या भांड्याची एक गोष्ट सांगितली जायची. ती त्यांनी बाजूला सारली आणि साचलेल्या हवेत कारण शोधलं. कातडीचा काळा रंग शापामुळे येतो ही जुनी समजूतही त्यांनी नाकारली. रंग उन्हाचा आणि हवामानाचा, असं ते म्हणाले.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला. दोष नुसत्या हवेचा नव्हता. दक्षिणेकडच्या आफ्रिकी लोकांबद्दल त्यांनी जे हिणकस लिहिलं, ते आज मान्य करण्यासारखं नाही. रंगाचा शाप नाकारणारा माणूसही आपल्या काळाच्या पूर्वग्रहातून पुरता सुटला नव्हता.

१३८२ मध्ये ते काहिराला गेले. अल-अजहरमध्ये शिकवलं, १३८४ मध्ये मालिकी काझी झाले. वशिला आणि लाच त्यांनी चालू दिली नाही, त्यामुळे शत्रू वाढले. त्याच वर्षी ट्यूनिसहून त्यांच्याकडे येणारं कुटुंब अलेक्झांड्रियाजवळ जहाज बुडून गेलं. पहिल्यांदा साथीने आणि आता समुद्राने घर रिकामं केलं. थोड्याच काळात काझीपदही गेलं. १३८७ मध्ये त्यांनी हज केला आणि पुन्हा शिकवण्या-लिहिण्यात बुडाले. १४०१ मध्ये वेढलेल्या दमिश्कच्या तटावरून दोराने खाली उतरून ते तैमूरला भेटले. एकूण सहा वेळा काझी झाले आणि त्याच पदावर असताना १७ मार्च १४०६ रोजी, रमजान महिन्यातच, काहिरात त्यांचा इंतकाल झाला.

आजही आजारपण आलं की आपण नशिबाला बोल लावतो, आणि गाव सोडून आलेल्याला लोक परका म्हणतात. इब्ने खल्दून यांच्याकडून आपण एवढं तरी घ्यावं. सब्र करावाच, पण नळाला पाणी का नाही, खोलीत हवा का येत नाही, शेतमालाचा पैसा कोणाच्या खिशात गेला, हेही विचारावं. ज्यांनी आई-वडील साथीत गमावले, त्यांनी विचारणं सोडलं नाही. आपल्या मुलांना त्यांची ही गोष्ट जरूर सांगा.