चांदबीबी : घडलेले आणि सांगितलेले

राजूरहून शाळेची सहल नगरला गेली की शाह डोंगरावरची ती अष्टकोनी, तीन मजली इमारत पाहिल्यावाचून परतत नाही. जो तो तिला चांदबीबीचा महाल म्हणतो. मीही वर्गात कित्येक वर्षे तेच सांगत आलो. एकदा सातवीच्या एका मुलीने तेथील कबरी पाहून विचारले, महालात कबरी कशा? मला उत्तर देता आले नाही. परतल्यावर १८८४ चे जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. इमारत मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर निघाली. पुरातत्त्व खात्याच्या यादीतही तेच नाव आहे.

मग चांदबीबी कोठे शोधावी? ती हुसेन निजामशहाची कन्या. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला. १५८० मध्ये वैधव्य आले. अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाच्या वतीने तिने कारभार पाहिला, दरबारी कारस्थानांत साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. पुढे ती माहेरी नगरला आली आणि १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. गादीचा वारस बहादूर, तिच्या भावाचा नातू, तान्हे मूल होता. सुरुंगाने तट फुटला, सरदार कचरले. तेव्हा चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, हातात नंगी तलवार घेतलेली चांदबीबी खिंडारात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभारला गेला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला.

ही हकीकत मुहम्मद कासिम फरिश्ता याने लिहिली आहे. तो त्याच काळातला, आधी नगरच्याच चाकरीत होता. उलट, दारूगोळा संपल्यावर तिने तोफांतून सोन्याचांदीची नाणी डागली, ही मुलांची आवडती गोष्ट खाफीखानाची आहे, आणि तो शंभरावर वर्षांनी लिहितो. गोष्ट सुंदर आहे. मलाही सांगायला आवडते, पण आता कोणाची ते सांगून मगच सांगतो.

तिच्या मृत्यूचेही तसेच. लोक म्हणतात, तिने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली. खरी हकीकत अधिक कडू आहे. १६०० मध्ये शहाजादा दानियालचा वेढा पडला असता किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने बोलणी करायचे मनात आणले. ती फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी महालात शिरून तिला ठार केले. फरिश्ता विजापूरच्या आश्रयातला, अबुल फजल अकबराच्या दरबारचा. मारेकऱ्यांच्या म्होरक्याचे नाव दोघे वेगळे देतात, पण तिला आपल्याच लोकांनी मारले यावर दोघांचे एकमत आहे. परस्परविरोधी दोन दरबारांची साक्ष अशी जुळते तेव्हा विहिरीची कथा मागे ठेवावी लागते. त्याच वर्षी किल्ला पडला.

पालकहो, यंदाच्या सहलीतही शाह डोंगर आहेच. मुलांच्या वहीत मात्र त्या इमारतीचे नाव सलाबतखानाची कबर असे लिहून दिले आहे.