विल्यम लाउडन

विल्यम लाउडन (इ.स. १८४१ – इ.स. १९३१) हे अमेरिकेतील आयोवा राज्यातील संशोधक व उद्योजक होते. वाळलेले गवत गाडीतून उचलून कोठाराच्या माळ्यावर नेऊन टाकणाऱ्या गवतवाहक यंत्राच्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते. या यंत्राचे पेटंट त्यांना १८६७ मध्ये मिळाले. फेअरफील्ड या गावी त्यांनी सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे लाउडन मशिनरी कंपनी उभी राहिली. गवतवाहक, गवत उचलण्याच्या झोळ्या व पंजे, गोठ्यातील उपकरणे आणि कारखान्यांतील डोक्यावरून धावणारी एकरुळी वाहतूक यांसाठी ही कंपनी प्रसिद्ध होती.

प्रारंभिक जीवन

लाउडन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील कॅसव्हिल येथे झाला. ते लहान असतानाच त्यांचे शेतकरी कुटुंब पश्चिमेकडे स्थलांतर करून आयोवाच्या आग्नेय भागातील जेफरसन परगण्यात, फेअरफील्डजवळ स्थायिक झाले. त्या काळी आयोवा हा नव्याने वसणारा प्रदेश होता. त्याला राज्याचा दर्जा १८४६ मध्ये मिळाला. पुढे १८५४ मध्ये आयोवाचे पहिले राज्यस्तरीय कृषी प्रदर्शन फेअरफील्ड येथेच भरले. शेती हाच या परिसराचा मुख्य व्यवसाय होता.

लाउडन यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. बालपणी जडलेल्या संधिवातामुळे शेतातील जड कामे त्यांना झेपत नसत. घरातील प्रत्येकाने शेतात राबावे अशी अपेक्षा असणाऱ्या वसाहतकालीन कुटुंबात ही उणीव सहज झाकली जाणारी नव्हती. शेतकामांपैकी सर्वांत कष्टाचे काम गवत भरण्याचे होते आणि त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या संशोधनाचा विषयही तोच ठरला.

गवत साठवणुकीचा प्रश्न

आयोवातील हिवाळा दीर्घ व हिमवर्षावाचा असतो. जमीन बर्फाखाली गेल्यावर गुरांना चरण्यास काही उरत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात टिमथी, क्लोव्हर यांसारखे गवत कापून, उन्हात वाळवून पुढील अनेक महिन्यांसाठी साठवणे आवश्यक असते. गवत शेतात गंजी रचून ठेवले, तर पावसाने व बर्फाने गंजीचा वरचा व तळाचा भाग कुजतो. छपराखाली ठेवलेले गवत अधिक चांगले टिकते. म्हणून गुरे, अवजारे आणि वैरण एकाच छपराखाली सामावून घेणारे मोठे लाकडी कोठार हे तेथील शेतावरील महत्त्वाचे बांधकाम होते. तळाशी गुरे बांधली जात व वरच्या माळ्यावर गवत साठवले जाई.

हे गवत माळ्यावर चढवणे मात्र कठीण होते. गाडीवर उभा राहिलेला माणूस लांब दांड्याच्या दाताळ्याने गवताचा भारा डोक्यावर उचलून माळ्यावरील दुसऱ्या माणसाकडे फेके आणि तो माणूस तो भारा आत सरकवत नेई. माळा भरत जाई तसतशी उंची वाढे व काम अधिक जड होई. भर उन्हाळ्यात छपराखालील कोंदट हवा व गवताची धूळ सहन करावी लागे. घाईही मोठी असे. वाळलेल्या गवतावर पाऊस पडला, तर त्याचा कस उतरतो आणि पुरेसे न वाळलेले गवत तसेच भरले, तर ते आतून तापून पेट घेण्याचा धोका असतो. त्यामुळे कोरड्या हवामानाच्या थोड्या दिवसांत घरातील सर्व हात या कामास लागत.

गवतवाहकाचे संशोधन

वयाच्या पंचविशीच्या सुमारास, १८६७ मध्ये, लाउडन यांनी गवतवाहकाचे पेटंट मिळवले. दोर आणि कप्पी लावून ओझे उभे वर खेचण्याची युक्ती जुनीच होती. कप्पी एकाच जागी बांधलेली असल्यास गवत वर येई, परंतु ते कप्पीच्या खालीच पडे व तेथून कोठाराच्या टोकापर्यंत हातानेच न्यावे लागे. गवतवाहकाने उचलणे आणि आडवे नेणे या दोन्ही क्रिया एका यंत्रात आणल्या.

या यंत्रप्रकाराची सर्वसाधारण रचना पुढीलप्रमाणे असे. कोठाराच्या आढ्याखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रूळ टांगलेला असे. सुरुवातीला हा रूळ लाकडी तुळईचा असे व पुढे पोलादी रूळ प्रचारात आले. रुळावर चाकांचा एक छोटा गाडा धावे. गाडी ज्या ठिकाणी येऊन उभी राही, त्याच्या नेमक्या वर रुळाला एक अडसर बसवलेला असे आणि रिकामा गाडा त्या अडसराला खिट्टीने अडकलेला राही. गाड्यातून खाली सोडलेल्या दोराच्या टोकाला गवत पकडण्याचा लोखंडी पंजा किंवा झोळी लावली जाई. दोराचे दुसरे टोक कप्प्यांवरून कोठाराबाहेर नेऊन घोड्याला जोडत.

घोडा कोठारापासून दूर चालू लागला की भारा सरळ वर चढे. तो गाड्याला भिडताच दोन गोष्टी एकदम घडत. भारा गाड्याला अडकून पक्का होई आणि गाड्याची अडसराशी असलेली खिट्टी सुटे. यानंतर घोडा तसाच चालत राहिला की दोराचा ताण भारा वर खेचण्याऐवजी गाड्याला रुळावरून आत ओढू लागे. हव्या त्या जागी भारा पोहोचला की माळ्यावरील माणूस हाक देई, गाडीवरील माणूस हातातील बारीक दोरी ओढे व गवत खाली पडे. त्याच दोरीने रिकामा गाडा परत अडसरापाशी ओढून आणला जाई आणि खिट्टी पुन्हा बसे. एवढ्या वेळात घोडा मागे फिरून पूर्वीच्या जागी आलेला असे.

अशा रीतीने माणसाच्या खांद्यावरील ओझे घोड्याकडे गेले. घोडा हाकण्याचे काम लहान मूलही करू शके व अनेक शेतांवर ते मुलांकडेच सोपवलेले असे. माळ्यावर गवत पसरवण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच माणसांना करावे लागे.

पंजा आणि झोळी

गवतवाहकाला जोडावयाच्या साधनांचे मुख्य दोन प्रकार होते. पहिला प्रकार लोखंडी पंज्याचा. यात भाल्यासारखा गवतात खोल घुसणारा व टोकाशी आकडे उघडणारा पंजा, तसेच चिमट्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी पकडणारा पंजा अशा रचना होत्या. लांब काड्यांचे गवत एकमेकांत गुंतलेले असल्याने ते पंज्यात चांगले उचलले जाई. आखूड व सुटे गवत, धान्याचा पेंढा किंवा मक्याची ताटे मात्र पंज्यातून निसटत.

दुसरा प्रकार झोळीचा. दोन किंवा अधिक दोर समांतर ठेवून ते लाकडी पट्ट्यांनी जोडलेले असत व झोळीच्या मध्यावर उघडमीट करणारी कडी असे. शेतात गाडी भरतानाच पहिली झोळी गाडीच्या तळावर पसरत. तिच्यावर गवताचा एक थर रचला की दुसरी झोळी, तिच्यावर पुन्हा थर, अशी तीन ते चार झोळ्यांत पूर्ण गाडी भरली जाई. कोठाराशी आल्यावर सर्वांत वरच्या झोळीची दोन्ही टोके एकत्र करून गवतवाहकाला अडकवत. ती वर जाताना गवत आवळून त्याचा मोठा गोल भारा बने. ठरलेल्या जागी दोरी ओढताच मधली कडी सुटे, झोळीचे दोन भाग अलग होत आणि सर्व भारा एकदम खाली पडे. शेवटच्या झोळीबरोबर गाडीचा तळही स्वच्छ होई.

झोळीमुळे पूर्ण गाडी तीन-चार खेपांत रिकामी होत असली, तरी प्रत्येक खेपेचे वजन पंज्याच्या खेपेपेक्षा बरेच अधिक असे. त्यासाठी मजबूत रूळ, जाड दोर आणि जादा कप्पी किंवा घोड्यांची जोडी लागे. झोळ्या योग्य अंतरावर व समतोल पसरल्या नाहीत, तर भारा एका बाजूला कलंडे. कमकुवत आढे वाकण्याचा आणि जीर्ण दोर तुटून भारा खालच्या माणसावर कोसळण्याचा धोका या कामात नेहमीच होता.

व्यवसाय आणि स्पर्धा

लाउडन यांनी फेअरफील्ड येथे आपल्या यंत्रांचे उत्पादन सुरू केले. यंत्राची उपयुक्तता लवकरच सर्वमान्य झाली, परंतु त्याबरोबर स्पर्धाही वाढली. खिट्टीची रचना, चाकांची संख्या, रुळाचा आकार यांत थोडेफार फरक करून अनेकांनी स्वतंत्र पेटंटे घेतली. ओहायो राज्यातील अ‍ॅशलंड येथील मायर्स बंधू व कँटन येथील ने कंपनी, तसेच इलिनॉय राज्यातील ऑटावा येथील पोर्टर कंपनी ही या व्यवसायातील प्रमुख नावे होती. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार पेटंटची मुदत १७ वर्षांची असल्याने लाउडन यांच्या १८६७ च्या पेटंटचे संरक्षण १८८४ मध्ये संपले. त्यानंतर केवळ मूळ कल्पनेच्या बळावर बाजारात टिकणे शक्य नव्हते.

या परिस्थितीत लाउडन यांनी जुन्या यंत्रात सुधारणा करणे आणि रुळाचे नवे उपयोग शोधणे हा मार्ग स्वीकारला. त्यांचे बंधू आर. बी. लाउडन यांनी कंपनीच्या कारभारात महत्त्वाची जबाबदारी सांभाळली, तर विल्यम यांचे लक्ष प्रामुख्याने संशोधनावर राहिले. कॅनडातील शेतकऱ्यांसाठी ओंटारिओ प्रांतातील ग्वेल्फ येथेही लाउडन नावाने उत्पादन होत असे.

गोठ्यातील उपकरणे

गवत वाहून नेणारा रूळ गोठ्यातील इतर ओझीही वाहू शकतो, हे लाउडन यांच्या पुढील कामाचे मुख्य सूत्र होते. गायींच्या रांगेमागे टांगलेल्या रुळावरून शेण वाहून नेणारी डोणी, गव्हाणीपर्यंत चारा पोहोचवणारी डोणी, गव्हाणीपाशी गाय अडकवण्याच्या लोखंडी चौकटी, पाण्याची भांडी आणि कोठाराचे जड दरवाजे सरकवण्याच्या चाकपट्ट्या अशी उपकरणे कंपनीने बाजारात आणली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शहरांना होणारा दूधपुरवठा वाढत होता व गोठ्यांच्या स्वच्छतेविषयी आग्रह धरला जात होता. त्यामुळे या उपकरणांना मोठी मागणी आली.

याच काळात कंपनीने कोठारांचे आराखडे तयार करून देणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. शेतकऱ्याने आपली जमीन व गुरांची संख्या कळवावी आणि कंपनीने त्याला योग्य आराखडा द्यावा, अशी ही सेवा होती. कोठारांच्या आराखड्यांची पुस्तकेही कंपनीने प्रसिद्ध केली. या सेवेमुळे कंपनीच्या उपकरणांची विक्री वाढली, तसेच अनेक शेतकऱ्यांना कुशल रचनाकाराचे साहाय्य मिळाले.

ग्रामीण वास्तुरचनेवरील प्रभाव

गवतवाहक व झोळीच्या प्रसारामुळे अमेरिकन कोठाराचे रूप बदलले. हाताने फेकून भरावयाच्या माळ्याच्या उंचीला माणसाच्या ताकदीची मर्यादा होती. घोड्याच्या बळावर गवत आढ्यापर्यंत जाऊ लागल्यावर ती मर्यादा उरली नाही. माळा उंच व प्रशस्त झाला. रूळ व भारा यांच्या मार्गात येणाऱ्या आडव्या तुळया टाळण्यासाठी दुहेरी उताराची आणि पुढे कमानदार छपरे पसंत केली जाऊ लागली. गाडी कोठाराबाहेर उभी करून गवत घेण्यासाठी रूळ भिंतीच्या माथ्यातून बाहेर काढत व त्यावर छपराचा टोकदार भाग पुढे आणत. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील जुन्या कोठारांवर हा चोचीसारखा भाग आजही दिसतो.

कारखान्यांकडे वाटचाल

शेतावर सिद्ध झालेले तत्त्व कंपनीने कारखान्यांतही वापरले. जमिनीवरील जागा न अडवता डोक्यावरील एका रुळावरून माल हलवणारी लाउडन मोनोरेल ओतशाळा, गोदामे, मोटार दुरुस्तीची केंद्रे व मोठे कारखाने यांत बसवली गेली. मुलांच्या क्रीडांगणावरील खेळण्यांचे उत्पादनही कंपनीने काही काळ केले.

मृत्यू आणि वारसा

विल्यम लाउडन यांचे १९३१ मध्ये निधन झाले. त्यांना सुमारे नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. जड शेतकामास असमर्थ ठरलेल्या या शेतकरीपुत्राच्या हयातीतच गवतवाहक हा त्यांच्या देशातील असंख्य शेतांचा नित्याचा भाग झाला होता.

त्यांच्या मृत्यूनंतर शेतीची पद्धत झपाट्याने बदलली. घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. १९४० च्या दशकापासून शेतातच गवत दाबून त्याचे गठ्ठे बांधणारी स्वयंचलित यंत्रे पसरली आणि सुटे गवत झोळीने उचलण्याची गरज कमी होत गेली. कंपनीचा भर औद्योगिक वाहतूक साधनांवर राहिला व १९५० च्या दशकात तिची मालकी बदलली.

फेअरफील्ड व परिसरातील लाउडन कंपनीशी संबंधित काही वास्तू आणि उपकरणांची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली आहे. त्यांत कंपनीची इमारत, एका मोटार दुरुस्ती केंद्रातील मोनोरेल, क्रीडांगणातील गोल फिरणारे खेळणे आणि लाउडनच्या उपकरणांनी सुसज्ज अशी मासडॅम कोठारे यांचा समावेश आहे. अनेक जुन्या कोठारांच्या आढ्याखाली गवतवाहकाचा रूळ व गंजलेला गाडा अद्याप टांगलेला आढळतो. जुन्या शेती अवजारांचे संग्राहक असे गाडे आवर्जून जतन करतात.